व्हर्बकाकांची दहावी

व्हर्बकाकांना हळू बोलता येत नसे. तीस वर्षं संच्यांच्या खडखडाटात गेलेली. आमच्याकडे सुरतेत लूमला संचा म्हणतात आणि लूमच्या शेडला खातं. त्या खात्यात शेजारच्याशी दोन शब्द बोलायचे तरी गळा फाडावा लागतो, आणि काकांचा गळा घरी आल्यावरही तसाच राहायचा. त्यांनी बायकोकडे चहा मागितला की तिसऱ्या गल्लीतल्या बाईने आधण ठेवावं, अशी गत. इंग्रजीही ते त्याच पट्टीत शिकवत. रविवारी सकाळी दहाला आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत, मंदिरामागच्या पत्र्याच्या खोलीतून "आय ब्रिंग, यू ब्रिंग, ही ब्रिंग्ज" सुरू झालं की ज्यांना शिकायचं नव्हतं त्यांच्याही कानावर ते पडायचंच.

क्लास फुकट होता. विद्यार्थी म्हणजे आम्ही सगळे खान्देशातून आलेले. कुणी खात्यात, कुणी साड्यांच्या घडी-पॅकिंगला, आणि माझ्यासारख्या दहा-बारा बायका घरबसल्या साड्यांना स्टोन चिकटवणाऱ्या. काका आठवड्याला एकच व्हर्ब द्यायचे. "इंग्रजी म्हणजे व्हर्ब. बाकी सगळी झालर आहे," असं त्यांचं म्हणणं. आणि तो व्हर्ब नुसता पाठ करून चालत नसे. आठवडाभर तो करायचा आणि पुढच्या रविवारी उभं राहून सांगायचं, काय केलं, कुणाला केलं, मग पुढे काय झालं. 'लेंड' दिला त्या आठवड्यात सोसायटीतली निम्मी पातेली इकडची तिकडे झाली. 'अपोलोजाइज' दिला तेव्हा तर सुना सासवांची माफी मागायला लागल्या आणि सासवांना वाटलं, नक्की काहीतरी मोठं मोडलंय.

मी त्या क्लासला गेले त्याला कारण माझी लेक. तिला आम्ही हौसेने इंग्रजी शाळेत घातलं होतं. मी पारोळ्याकडची, नववीत असताना लग्न झालं आणि शिक्षण तिथेच संपलं. पहिल्या पालकसभेला गेले तर बाई इंग्रजीत बरंच काही बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, "यू मस्ट एन्करेज हर." मी मान डोलावली. बाईंचा चेहरा गंभीर होता, त्यामुळे मला वाटलं पोरीने काहीतरी उद्योग केलाय. शाळेपासून घरापर्यंत मी तिला झाड झाड झाडलं. ती बिचारी रडत विचारत होती, मी काय केलं, आणि मला तरी कुठे ठाऊक होतं. संध्याकाळी काकांना विचारलं. ते आधी हसले, मग हसू आवरलं. म्हणाले, "सुरेखा, बाई जे कर म्हणाल्या, त्याच्या बरोबर उलटं केलंस तू." त्या रात्री लेकीला जवळ घेऊन झोपले, आणि रविवारी वही घेऊन पत्र्याच्या खोलीत जाऊन बसले.

हा 'एन्करेज' काकांनी फार उशिरा शिकवायला घेतला, जवळजवळ वर्षाने. तो त्यांच्या मते सगळ्यांत अवघड व्हर्ब होता. गाइडात अर्थ दिला होता, प्रोत्साहन देणे. काकांनी तो फळ्यावर लिहिला आणि पुसला. "प्रोत्साहन पाहुणे देतात, बक्षीस समारंभात. शाल घेतात, चहा पितात, निघून जातात. आपल्याला ते नको." मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. घडीचं काम करणारा एक जण म्हणाला, "आमचा शेठ म्हणतो, दिवाळीआधी जास्त माल काढा, मिठाईचा डबा मिळेल. ते एन्करेज." काका म्हणाले, "ती लालूच." कुणी म्हणालं, "मी भावाला सांगितलं, अभ्यास कर." काका म्हणाले, "तो टेल. तो आपण शिकलो." एक बाई म्हणाली, "मी नवऱ्याला म्हटलं, तुमच्यासारखा कारागीर अख्ख्या सुरतेत नाही." सगळे हसले. काकाही हसले. "तो मस्का. त्याला दुसरा व्हर्ब आहे, पुढच्या महिन्यात देतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं होतं, म्हणून शब्दाला शब्द देते. "नवा कारागीर येतो. संच्यावर धाग्याचा तार तुटतो, तो सांधतो, परत तुटतो. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आता तुम्ही त्याच्या हातातून तार घेऊन सांधून दिला, तर तो हेल्प. त्याला दम दिला, तर तो फोर्स. आणि तुम्ही नुसते बाजूला उभे राहिलात, त्याला जमेपर्यंत, तर तो एन्करेज. हिंमत आपण द्यायची नसते. ती त्याचीच असते, दडून बसलेली असते. आपण तिला भीती वाटणार नाही असं वागायचं." आणि बोट वर करून, "ओळखायचं कसं? समोरच्याला नाही म्हणता आलं पाहिजे. नाही म्हणायची सोय ठेवली नाहीत, तर तुम्ही काहीही केलं असेल, एन्करेज केलेलं नाही."

हे वाक्य माझ्या वहीत होतं. माझ्याच अक्षरात. आणि तरीही मी जे केलं ते केलं.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर मी फळा धुवायला थांबले. सहज विचारलं, काका, तुम्ही किती शिकलात हो? आमच्या सोसायटीत सगळे धरून चालले होते की काका निदान बारावी असतील. काही जण तर बीए म्हणायचे. बँकेचे फॉर्म, गॅसचे फॉर्म, सगळे तेच भरून देत. काका नळाखाली फडकं पिळत होते. म्हणाले, "दहावी नापास. इंग्रजीत." मग फडकं झटकून दोरीवर टाकलं आणि म्हणाले, "तेही खरं नाही. नापास व्हायला पेपर द्यावा लागतो. मी शहाद्याला सेंटरच्या फाटकापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. तीन तास एका शेतात बसून राहिलो. पेपर सुटल्यावर पोरांच्या घोळक्यात मिसळून घरी आलो. आईने विचारलं, कसा गेला? म्हटलं, अवघड होता. पुढे नापास म्हणून सांगितलं की कुणी जास्त विचारत नाही." आता बाहेरून दहावीला बसता येतं, माहिती काढलीय, एकदा त्या फाटकाच्या आत जाऊन बघावंसं वाटतं, असंही म्हणाले. आणि शेवटी, "कुणाला बोलू नको."

मी घरी आले ती उड्या मारतच. आठवड्याचा व्हर्ब होता एन्करेज आणि माझ्यासमोर खुद्द काका होते. याहून चांगला गृहपाठ कुठला? काका शेतात बसून राहिले ती गोष्ट मी पोटात ठेवली. पण ते दहावीला बसणार आहेत एवढं मी दोघींना सांगितलं, अगदी शपथ घालून. त्या दोघींपैकी एकीच्या दिराचं पर्वत पाटिया भागात फ्लेक्सचं दुकान. पुढचं सांगायला नकोच. आमच्या लोकांत कुणाचा वाढदिवस असो, कुणी वॉर्डात उभं राहो, कुणाचं पोर बारावी होवो, बॅनर लागतोच. त्याशिवाय आनंद झाल्यासारखा वाटत नाही. तिने मला विचारलं, लावायचा का, आणि मी म्हटलं, लावू या की. म्हणजे लावला मीच. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

शनिवारी सकाळी सोसायटीच्या फाटकावर दहा फुटी बॅनर झळकला. 'आमचे लाडके व्हर्बकाका यांना दहावीच्या परीक्षेसाठी हार्दिक शुभेच्छा.' मधोमध काकांचा पुतण्याच्या लग्नातला फेटेवाला फोटो, मागे डिझाइनवाल्याने आपल्या मनाने टाकलेला वाघ, आणि खाली शुभेच्छुक म्हणून आमचे सगळ्यांचे फोटो, पहिला माझा.

काका सचिन भागातल्या खात्यातून पाळी संपवून रिक्षाने आले. मी मुद्दाम फाटकाजवळ उभी होते, त्यांचा चेहरा बघायला. टपरीवरचं कुणीतरी म्हणालं, "काका, दहावी? आम्ही तर तुम्हाला बीए समजत होतो." दुसरा म्हणाला, "कॉपी करू नका हं काका." वाईट बोलायचं म्हणून कुणी बोललं नाही, आमच्याकडे माया असते तिथेच टिंगल होते. पण काकांनी बॅनर वरपासून खालपर्यंत वाचला, वाघासकट, आणि माझ्याकडे आले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं. इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"सुरेखा, आता मी नाही कसं म्हणू? आणि हो तरी कोणत्या तोंडाने म्हणू?"

एवढंच. ते घरात गेले. दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या खोलीला कुलूप आणि चिठ्ठी: क्लास बंद आहे. बॅनर मी शनिवारीच संध्याकाळी स्टुलावर चढून स्वतः काढला होता, पण काढून काय होतं, वाचायचा त्यांनी वाचला होता. मी माफी मागायला गेले तर काकू दारातच आडव्या आल्या. काकू घरात अहिराणीच बोलतात. म्हणाल्या, "आते जाय माय, त्यासनं मन नही शे." म्हणजे आता जा, त्यांचं मन नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता आणि तोही बारीक केलेला.

चार रविवार गेले. खरं सांगते, माझ्या जिवाला चैन नव्हतं. क्लास माझ्यामुळे बंद पडला म्हणून लोक बोलत ते एक. पण ज्या माणसाने माझ्या लेकीचं आणि माझं तुटलेलं जोडून दिलं, त्याला मी दुसऱ्यांदा त्या फाटकावरून मागे फिरवलं, हे मला खात होतं. वही उघडून ते वाक्य वाचायचे आणि वही मिटायचे. नाही म्हणायची सोय. मी सोय ठेवली नव्हती, वर वाघ लावला होता.

पाचव्या रविवारी मी परत गेले. या वेळी माफी मागायला नाही. काकूंना म्हटलं, काकांना सांगा, मला दहावीला बसायचंय, बाहेरून, आणि मला गणिताची फार भीती वाटते. हे नाटक नव्हतं. गेले वर्षभर ते मनात होतं, तोंडातून निघत नव्हतं, आणि गणिताची भीती तर खरीच होती. काकू आत गेल्या. मग आतून ती ओळखीची आरोळी आली, "पुस्तक आणलंय का?"

त्या दिवसापासून काका मला शिकवायला लागले. क्लास बंदच होता, मी एकटी त्यांच्या ओट्यावर. स्टोनचं काम आवरून जायचे. गणित त्यांनाही विसरायला झालं होतं, त्यामुळे आधी ते स्वतः सोडवत, चुकत, खोडत, आणि मग मला समजावत. विज्ञानाचे धडे आम्ही दोघांनी मिळूनच वाचले. कित्येकदा माझ्या जिभेच्या टोकावर यायचं, काका, इतकं करताच आहात तर तुम्हीही भरा ना फॉर्म. मी गिळायचे. माझ्यासारख्या तोंडाळ बाईने सहा महिने एक वाक्य गिळलंय, हे माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो विश्वास ठेवणार नाही. पण मी ठरवलं होतं, त्यांच्या परीक्षेचं अक्षर काढायचं नाही. त्यांचा नकार त्यांच्याजवळ राहू द्यायचा.

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी काका माझ्यासोबत परीक्षेच्या ऑफिसात आले, कारण फॉर्म गुजरातीत होता आणि माझं गुजराती बोलण्यापुरतंच. टेबलावर वाकून त्यांनी माझा फॉर्म भरला, सही कुठे करायची ते दाखवलं. कारकुनाने तो घेतला, शिक्का मारला आणि मान वर न करता विचारलं, "बीजुं कोई?" आणखी कुणी आहे का?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते कळलं, पण मी भिंतीवरच्या सूचना वाचत असल्यासारखं केलं. मग म्हटलं, काका, मी जरा पाणी पिऊन येते, आणि बाहेर गेले. नळापाशी उभी राहिले. तहान कसली, नळ सोडला आणि बंद केला. मनात म्हटलं, नाही म्हणाले तर चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, सरळ रिक्षा करायची आणि गणिताचं बोलायचं. परत आले तेव्हा काका टेबलावर वाकून लिहीत होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून स्वतःचा पासपोर्ट फोटो काढला. फोटोच्या कडा मऊ पडल्या होत्या; किती दिवस खिशात घेऊन हिंडत होते कोण जाणे. येताना रिक्षात ते ड्रायव्हरशी चलथाण साखर कारखान्याच्या उसाबद्दल इतक्या मोठ्याने बोलत होते की त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

परीक्षेला आमचं सेंटर एक, खोल्या वेगळ्या. गणित, विज्ञान, सामाजिक विज्ञान झालं. इंग्रजीच्या दिवशी काका फाटकाशी आले आणि उभेच राहिले. पोरं आत जात होती, आमच्या वयाची चार-दोन माणसंही. मी त्यांच्याजवळ थांबले. घंटा झाली. काका म्हणाले, "तू जा. तुझा पेपर आहे." मी गेले. मागे वळून पाहावं असं फार वाटलं, पण पाहिलं असतं तर ते माझ्यासाठी आत आले असते. तीन तास मी पेपर लिहिला आणि ते आत आलेत की नाही हे मला ठाऊक नव्हतं. निबंध काय लिहिला तेही आज आठवत नाही.

सुटल्यावर सगळी पोरं गेली, फाटक रिकामं झालं, काका दिसेनात. मी धरूनच चालले की गेले माघारी. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आरोळी आली, "थांब, पुरवणी बांधतोय." पर्यवेक्षक त्यांना बाहेर काढत होता आणि ते दोरा बांधत होते.

निकाल लागला. मी पास झाले, काठावर. काका सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत नापास. मोबाइलवर तो आकडा मी तीनदा बघितला. अख्ख्या सोसायटीला इंग्रजी शिकवणारा माणूस. आता त्याला तोंड कसं दाखवायचं? बोलण्यातलं इंग्रजी वेगळं आणि पेपरातलं वेगळं, हे मला आता समजतं, तेव्हा नुसतं रडू येत होतं. त्यांच्या घराकडे निघाले तर काका गल्लीतच भेटले, हातात पेढ्यांचा खोका. घरोघर वाटत होते. लोक खोका बघून पास झालात का विचारत आणि काका खणखणीत आवाजात सांगत, "इंग्रजीत नापास. घ्या, पेढा घ्या." लोक गोंधळून पेढा तोंडात टाकत होते.

माझ्यासमोर खोका धरला तेव्हा मी रडतच होते. म्हणाले, "रडतेस काय? तीस वर्षं नापास म्हणून लोकांना खोटं सांगत आलो. आज पहिल्यांदा खरं सांगतोय. तीन तास बसून, लिहून नापास झालोय मी." पुढच्या रविवारी पत्र्याच्या खोलीचं कुलूप त्यांनी स्वतः काढलं. मी उभी राहून एन्करेजचा गृहपाठ सांगायला लागले तर म्हणाले, "राहू दे, बस खाली," आणि नवा व्हर्ब दिला.

इंग्रजीचा पेपर परत द्यायचा त्यांनी ठरवलं होतं, फॉर्मही भरला होता. पण त्याआधीच्या थंडीत एका पहाटे पाळीला जायला निघाले आणि ओट्यावरच बसले, ते उठले नाहीत. छातीत कळ आली होती. मला कुणीतरी हाक मारून नेलं. इतकी माणसं त्या गल्लीत मी कधी पाहिली नव्हती, आणि इतकी शांतताही.

क्लास आता मी घेते. माझं इंग्रजी काकांच्या निम्मंही नाही, पण आठवड्याला एक व्हर्ब जमतो. लेक कॉलेजात आहे, माझे उच्चार सुधारत असते आणि मी ऐकून घेते. एन्करेज शिकवायची वेळ येते तेव्हा मी तार तुटण्याची गोष्ट सांगते आणि बॅनरचीही सांगते, माझं नाव घेऊन.

काकूंकडे मी रविवारी क्लास सुटल्यावर जाते. त्यांच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी, काकांचा दहावीचा निकाल फ्रेम करून लावलाय. त्यांनीच पुतण्याकडून करून घेतला. गेल्या महिन्यात गावाकडून कुणी पाहुणे आले होते, शिकलेले. त्यांनी फ्रेम निरखली आणि समजावणीच्या सुरात काकूंना म्हणाले, "काकू, यात नापास लिहिलंय. हे कशाला भिंतीवर लावायचं?"

काकू चहा गाळत होत्या. गाळणी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "माले माहीत शे. पन पेपर त्यासनी लिखेल शे."